पुढच्या आसातलं जुनं चाक

मन्नाएखेळ्ळीच्या गुरुबाईला कुणी "शरणु अक्का" म्हणून नमस्कार केला, तरी ती आधी त्याच्या हातांकडं बघायची आणि मग तोंडाकडं. टोपलीतल्या भाकरी मोजून ठेवायची. ज्वारीच्या कणगीच्या तोंडाला विभूतीची बारीक रेघ ओढायची, म्हणजे झाकण कुणी हलवलं तर रेघ मोडावी. बायका म्हणायच्या, ही आपल्या सावलीला बी विचारंल, कामून माझ्या मागं यायलीस म्हणून. बायकांना बोलायला काय जातंय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रझाकारांच्या साली हे घर गाव सोडून अक्कलकोटाकडं पळालं. तिथंच छावणीत नवरा गुंडप्पा तापानं गेला. पोलीस ॲक्शन झाली, माणसं परतली, गुरुबाईही परतली आणि अंगणातलं धान्याचं पेव उघडून बघते तर आत दाणा नाही. झाडून नेलेलं! अंगण कुठं उकरलेलं नव्हतं, दगड जागच्या जागी. ज्यानं खोललं त्याला जागा नेमकी ठाऊक होती, आणि जागा ठाऊक असलेली माणसं सगळी मिळून चार. त्या चारांतलं कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मग तिनं सगळ्या दुनियेवरच संशय घेतला. हिशेब सोपा झाला.

एकावन्न साली तिनं पाटल्या मोडल्या आणि सिकंदराबादच्या लिलावातून फौजेची जुनी जीप आणली. गाव हसलं. विधवा बाईनं गाय घ्यावी, म्हैस घ्यावी, हे काय लोखंड? पण गुरुबाईनं ओळखलं होतं, सडकेवर मोटार धावते, काळ्या रानातल्या गावांना मात्र बैलगाडीशिवाय वाट नाही. आळंदच्या बाजाराला जायला तिकडची माणसं दोन दिवस घालवायची. त्या जीपबरोबरच पिराप्पा आला. बाप मेंढरं राखायचा, पण हा पोरसवदा असतानाच छावणीत शिरला आणि सहा वर्षं फौजेच्या गाड्यांखाली उताणा पडून काम शिकला. निजामाची फौज मोडली, याचा पगार मोडला. बोलणं कमी. रोज सकाळी जीपच्या कपाळाला मैलारच्या मल्लण्णाचा भंडारा लावायचा. गुरुबाई शेजारी विभूतीची तीन बोटं ओढायची. दोन्ही देवांना एक गाडी पुरली.

पहिल्याच पावसाळ्यात जीपचं पोट गाडीवाटेच्या चाकोऱ्यांत टेकायला लागलं. बैलगाड्यांनी पाडलेल्या त्या चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या खोल. पिराप्पानं कुठल्याशा मोडीत निघालेल्या फौजी लॉरीचे उंच टायर आणले, चार लावायला आणि एक जास्तीचा. मीटरची तार कधीची तुटलेली होती, तीही तेव्हाच नवी घातली. जीप तीन बोटं उंच झाली, पोट टेकायचं थांबलं. पण हुमनाबादचा चढ आला की आता इंजिन धापा टाकायचं.

"काय झालं हिला?" गुरुबाईनं विचारलं.

"अक्का, बैल तेच ठेवून मोट मोठी लावली तर काय होतंय? बैल गुडघ्यावर येतेत. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त वाट वढाया लागलं. आता आसाच्या पोटातली दातेरी चाकं बदलाया पायजेत. मोठ्या चाकाला एकोणचाळीस दात हायेत, त्याच्या जागी त्रेचाळीसचं बसवायचं. इंजिनाचं वज्झं हलकं व्हतंय."

"म्हागच्या आसाचं बदल की मग. वढणारी चाकं म्हागचीच."

"ह्या गाडीला पुढची बी वढतेत, चिखलात हा हाताजवळचा पुढचा दांडा वढला की. दोन्ही आस येकसारखे पायजेत, अक्का. एका जुवाला एक बैल लांब पाऊल टाकणारा आन् एक आखूड, तर जू मोडंल."

ऐकायला बरोबर वाटलं. म्हणूनच तिला शंका आली. एक सांगितलं असतं तर खरं मानलं असतं, हा दोन सांगतोय!

तरी दिवाळीच्या आधी पिराप्पा हैदराबादेहून दातेरी चाकांचे दोन जोड घेऊन आला. गुरुबाईनं खडू घेतला आणि प्रत्येक दाताला टिकली लावत मोजलं. त्रेचाळीस. दुसरं, त्रेचाळीस. काढलेली जुनी, एकोणचाळीस आणि एकोणचाळीस. जुनी दोन्ही तिनं फडक्यात बांधून कणगीत पुरली. काम चाललं तितके दिवस ती समोर दगडावर बसून होती. शेवटी पिराप्पानं एकेक करून दोन्ही आस दगडांवर उचलले, चाकाला खडूची खूण केली आणि इंजिनाकडून आसाकडं जाणारी खालची मधली दांडी हातानं फिरवून दाखवली.

"बघा. चाक एकदा फिरून याया दांडी पाच येळा फिरून वर जवळजवळ अर्धी. पुढं बी तेवढीच, म्हागं बी तेवढीच. जुन्याला पाच बी पुऱ्या लागत नव्हत्या."

गुरुबाईनं स्वतः मोजलं. चूक सापडली नाही, तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं.

जीप चढाला अशी लागली की प्रवासी वाहवा म्हणाले. पण चार दिवसांत गुरुबाईच्या डोक्यात किडा शिरला. मन्नाएखेळ्ळी ते आळंद, मीटरवर चव्वेचाळीस मैल व्हायचे. दसऱ्यापर्यंत प्रत्येक फेरीला चव्वेचाळीस, तिला तोंडपाठ. आता एकोणपन्नास दिसत होते. रस्ता काय रबर आहे ताणायला? पाच मैल जास्त हा जातो कुठं?

"आधी मीटर कमी दावायचं, अक्का," पिराप्पा म्हणाला. "मीटर दांडीच्या फेऱ्या मोजतंय. टायर मोठे आन् आतली दातेरी चाकं जुनी, म्हणून. आता बरूबर दावायलंय. सडकंवरचे मैलाचे दगड मोजा."

दुसऱ्या फेरीला ती स्वतः पुढच्या सीटवर बसली. पिराप्पा कुठं वळला नाही, कुठं थांबला नाही. सडक होती तोवर मैलाचे दगडही मीटरशी जुळले. आळंदला एकोणपन्नास. दुसरं कुणी असतं तर कान धरला असता. गुरुबाईनं मनात म्हटलं, दगड लावले कुणी? निजामाच्या सरकारनं. त्याच्यावर काय भरोसा! आणि मीटरची तार घातली कुणी? यानंच.

तो दिवस आणि पुढचे कितीतरी, ती प्रत्येक फेरीला जीपमध्ये बसू लागली. एक प्रवासी कमी झाला तर झाला. तरी चैन पडेना. शेवटी एका सोमवारी तिनं पिराप्पासमोर वाटीभर हळद ठेवली.

"उचल भंडारा. माझं लोखंड इकला न्हाईस, वाट सोडून गाडी कुठं नेला न्हाईस, असं मल्लण्णाचं नाव घेऊन म्हण."

पिराप्पानं वाटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्याच्या घराण्यात भंडारा शेतीच्या बांधासाठी उचलतात, नाहीतर खुनासाठी. लोखंडासाठी कुणी उचलला नव्हता. पण त्यानं ग्रीस पुसलं, हात धुतले, चिमूट कपाळाला लावली आणि शब्द न् शब्द म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो आपली भाकरी घरून बांधून आणायला लागला. गुरुबाईला ते लागलं, पण तिनं तेही उलटंच घेतलं. ज्याला इतक्या लगेच भंडारा उचलता येतो, त्याला सवय असणार!

चंपाषष्ठीला पिराप्पा पाच दिवस मैलारला गेला. गुरुबाई याचीच वाट बघत होती. तिनं गुलबर्ग्याहून वीरण्णा नावाचा मिस्त्री बोलावला. वीरण्णानं पुढचा आस उघडला, चाक पुसलं, नखानं टिचकी मारली.

"अस्सल माल आहे, बाई. बसवणारा हात पण चांगला आहे. काय बघायचं होतं तुम्हाला?"

आता काय सांगणार? पण आस उघडलाच होता, आणि तिला सासऱ्याची रीत आठवली. बाजारातून तुरीचं नवं बी आणलं तर म्हातारा अर्ध्या रानात नवं पेरायचा, अर्ध्यात घरचं जुनं. नवं बुडालं तर जुनं तारील. पाच पिढ्या या रीतीनं घर जगलं होतं. तिनं कणगीतलं जुनं चाक काढलं.

"पुढं हे बसवा. म्हागं नवं राहू द्या. निम्मं जुनं, निम्मं नवं."

वीरण्णा हसला. "हे काय शेत आहे का, बाई?"

"गाडी माझी हाय."

"तुमची आहे, तुमचीच राहो. मी बसवतो. पण कान उघडे ठेवून ऐका. कोरड्या सडकेवर काही होणार नाही. पुढचा दांडा मात्र कुणी ओढू नका. ओढलात की पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं, आणि मधल्यामधे काहीतरी तुटेल. तुमच्या ड्रायव्हरला सांगा."

गुरुबाईनं मान हलवली. नवं चाक फडक्यात बांधून कणगीत गेलं, वर विभूतीची रेघ ओढली. पिराप्पा मैलारहून आला, प्रसादाची पुडी दिली. तिनं ती घेतली आणि काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. उद्याचा परवा झाला, परवाची होळी झाली, आणि वाट कोरडी होती तोवर पिराप्पाचा हात त्या दांड्याकडं गेलाच नाही. मनातली टोचणी हळूहळू बोथट झाली.

पुढच्या वर्षीचा पाऊस लागल्यावर महिनाभर जीप सडकेवरच धावली. मग आषाढात आळंदचा चनमल्लप्पा गळ्यात पडला. तुरीचा व्यापारी, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. बाजार गाठायचाच, म्हणे. सात प्रवासी, त्यात तो एकटाच दोघांच्या जागेवर. गुरुबाई नेहमीसारखी पुढं. हलगीच्या ओढ्याशी वाट काळ्या चिखलात उतरली आणि मागची चाकं जागीच फिरायला लागली.

पिराप्पाचा हात दांड्याकडं गेला.

गुरुबाईनं ते बघितलं. तोंड उघडलं. थांब, एवढाच एक शब्द होता! पण मागं सात माणसं कान देऊन बसलेली. थांब म्हटलं की कामून, आणि कामून म्हटलं की पेवापासून भंडाऱ्यापर्यंत सगळं बाहेर. पिराप्पानं दांडा ओढला.

चिखलात जीप गेली, पण कशी! पुढून कुणी ओढतंय आणि मागून कुणी धरतंय, तशी हिसके खात. पिराप्पाच्या कपाळाला आठी पडली. पलीकडं कडक मुरमाचा चढ लागला तसा त्यानं दांडा सोडवायला बघितलं. दांडा हलेना. गाडी कुंथली, थरथरली, आणि खाली ठाण्‌दिशी आवाज झाला. पुढच्या दांडीचा सांधा तुटला होता.

सगळे उतरले. चनमल्लप्पा चिखलात उभा राहून कोकलायला लागला. "बाजार बुडाला माझा! कसला मिस्त्री ठेवलाव गुरुबाई? मेंढरं वळणाऱ्याच्या हातात मोटार दिल्यावर दुसरं काय व्हणार!"

पिराप्पानं पुढचा आस दगडांवर उचलला, चाकाला कोळशाची खूण केली, तुटक्या दांडीचं उरलेलं टोक हातानं फिरवायला लागला. मनात मोजत होता. पाच पुऱ्या व्हायच्या आतच खूण फिरून वर आली. त्यानं पुन्हा एकदा फिरवून बघितलं. मग तसाच उकिडवा बसून त्यानं गुरुबाईकडं पाहिलं.

त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं. त्याला कळलं होतं, आणि तिला कळलं होतं की त्याला कळलं.

"काय निघालं रे?" चनमल्लप्पा खेकसला. "बोल की! चोरीचा माल घातलास का?"

पिराप्पा उठला, हात पुसले. "माझंच चुकलं, सावकार. पुढचं चाक बसवताना दात मोजायला चुकलो."

गुरुबाईच्या मनात काय आलं असंल, सांगा. पहिला विचार आला तो हाच, हा असं कामून म्हणायलाय? याचा डाव काय? ती डाव शोधत राहिली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. डाव नव्हताच. तिची लाज झाकायची म्हणून त्या माणसानं सात जणांसमोर आपलं नाव चिखलात टाकलं होतं. तिला भडभडून आलं. आता बोलावं, आता बोलावं, असं करता करता पिराप्पानं तुटकी दांडी काढून टाकली, माणसांकडून गाडी ढकलून घेतली आणि मागच्या चाकांवरच आळंद गाठलं. चनमल्लप्पानं बाजारभर सांगितलं, मन्नाएखेळ्ळीच्या मिस्त्र्याला दात मोजता येत नाहीत. गुरुबाई तिथंच उभी होती. तोंडात गुळणी धरल्यासारखी.

घरी आल्यावर पिराप्पा एवढंच म्हणाला, "अक्का, नवं चाक कुठं ठेवलाव?"

तिनं कणगीतून काढून दिलं. त्याच्या दातांत ज्वारीचा कोंडा अडकला होता. दोन दिवसांत त्यानं आस जुळवला, सांधा बसवला, दांडी फिरवून दाखवली, किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

"पिराप्पा, माझं ऐक तरी..."

"ऐकून काय करू, अक्का? भंडारा उचललो तवा तुमी ऐकलाव का?" तो आवाज चढवून बोलला नाही. "देवाची आण घेऊन बी ज्याचं खरं व्हत न्हाई, त्यानं तिथं ऱ्हाऊ नये."

तो गेला, आणि जीप छपरात उभी राहिली. दोन ड्रायव्हर येऊन बघून गेले, काळ्या रानात जायला कुणी धजेना. गुरुबाईला अन्न गोड लागेना. पिराप्पाचं तरी कुठं बरं होतं? सडकेच्या कडेला दुरुस्तीचं काम मांडून बसला, पण ज्याला त्याला हलगीच्या ओढ्याची गोष्ट ठाऊक. ट्रकवाले गाडी थांबवायचे आणि त्याला बघून पुढं जायचे. त्याची बायको म्हाळसा खडी फोडायला जाते असं कळलं, तेव्हा गुरुबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

श्रावण सरता सरता किशनराव नावाचा कारकून दारात आला. गुलबर्ग्याच्या सरकारी मोटार डेपोतला, बगलेत कागद, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"बाई, पिराप्पा म्हणून मिस्त्री तुमच्याकडं दोन वर्षं होता ना? आमच्याकडं अर्ज केलाय. सहा गाड्या आणि सामानाच्या खोलीची किल्ली द्यायची आहे. पण ऐकतोय ते काही बरं नाही. चुकीचं चाक बसवलं, त्यानं स्वतः कबूल केलं म्हणे. शिवाय तुम्ही त्याला शपथ घातली होती असंही कानावर आलं. उगाच का कुणी शपथ घालतं? तुम्ही सांगाल ते लिहितो आणि साहेबापुढं ठेवतो."

गुरुबाई खांबाला टेकली. तिला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. फार बोलायची गरज नव्हती. "काय सांगावं बाबा" एवढं म्हणून मान फिरवली असती, तरी डेपोचं दार बंद. मग या सडकेवर पिराप्पाला ठेवून घेणारं एकच घर उरलं असतं. महिना-दोन महिन्यांत पोट त्याला परत या अंगणात घेऊन आलं असतं. जीप चालली असती, आणि तिची गोष्ट झाकलेली राहिली असती. फार सोपं होतं.

"लिव्हा," ती म्हणाली. "चाक त्यानं बरूबर बसवलं होतं. तो मैलारला गेलेला बघून म्या गुलबर्ग्याचा मिस्त्री आणले आन् पुढचं काढून जुनं घालाया लावले. दांडा वढू नका म्हणून मिस्त्र्यानं मला बजावलं होतं. म्या पिराप्पाला सांगितले न्हाई. ओढ्यात त्यानं दांडा वढला तवा बी मी बाजूला बसून होते, तोंड उघडले न्हाई. त्याला सगळं कळलं, तरी त्यानं आळ आपल्यावर घेतला."

किशनरावाची लेखणी थांबली. त्यानं डोळे बारीक केले. पंचवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो, त्याला असल्या साक्षी नवीन नव्हत्या.

"बाई, स्वतःच्या तोंडानं स्वतःची एवढी बदनामी कुणी करत नाही. त्यानं पढवून ठेवलंय का तुम्हाला? की काही देणंघेणं ठरलंय दोघांचं?"

गुरुबाईला राग आला, मग रडू आलं. दोन्ही गिळून ती म्हणाली, "ठरलेलं काय बी न्हाई. तो माझ्या दारात आता पाय ठिवत न्हाई."

"मग किल्ली द्यायला हरकत नाही, असं तुम्ही कशावरून म्हणता? जामीन कोण?"

"सायेब, दोन वर्सं म्या त्याच्यावर आळ घेतले. लोखंडाचा घेतले, मैलाचा घेतले, देवाच्या आणेचा बी घेतले. येक बी खरा निघाला न्हाई. त्याची एवढी झडती ह्या मुलखात दुसऱ्या कुणी घेतली न्हाई. लिव्हा, किल्ली द्या म्हणून."

किशनरावानं लिहून घेतलं. खाली जामीन म्हणून तिनं अंगठा उठवला.